वसतिगृहातले साने गुरुजी

गेल्या वर्षी आपल्या उत्सवात मुलांचे नाटक झाले ते आपल्या सर्वांना आठवत असेल. नाटक छान रंगले, बक्षिसे वाटली गेली, आरती झाली, प्रसाद घेऊन मंडळी आपापल्या घरी गेली. रात्री साडेदहाच्या सुमारास आम्ही तिघे-चौघे कार्यकर्ते खुर्च्या गोळा करीत होतो. तेवढ्यात पडद्यामागे, कपड्यांच्या पेटीवर, सहावीतली एक मुलगी बसलेली दिसली. तोंडाला रंग तसाच, हातात प्रसादाचा द्रोण. तिचे वडील नाइट शिफ्टला गेले होते. आई धाकट्याला ताप होता म्हणून लवकर घरी गेली होती. शेजारच्या काकू घेऊन येतील असे आईला वाटले, आईबरोबर गेली असेल असे काकूंना वाटले, आणि कोणीतरी नेलेच असेल असे आम्हा कार्यकर्त्यांना वाटले. मी तिला स्कूटरवरून घरी सोडले. काहीही वाईट घडले नाही, बाप्पाची कृपा. पण वाटेत ती पोर एक शब्द बोलली नाही, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी रेल्वेत रुळांच्या देखभालीचे काम करतो. आमच्याकडे लाइनवर काम संपले की मेट आपली माणसे मोजतो, अवजारे मोजतो, आणि मगच पुढे जातो. एक सब्बल रुळाजवळ राहिली तर काय होऊ शकते हे आम्हाला ठाऊक असते. मी वीस वर्षे हे करतो आहे, आणि त्या रात्री आमच्यापैकी एकानेही मुले मोजली नव्हती.

यंदा संपादक मंडळाने विद्यार्थ्यांची सुरक्षा आणि त्यांचे स्वास्थ्य या विषयावर काहीतरी लिहा म्हणून सांगितले, तेव्हा मला प्रथम ती मुलगी आठवली आणि लगेच साने गुरुजी आठवले. मी काही लेखक नाही, शिक्षकही नाही. डिप्लोमा करून नोकरीला लागलेला साधा माणूस आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांनी गुरुजींना 'श्यामची आई' लिहिणारे म्हणून ओळखले आहे, आणि त्याआधीचे अमळनेरच्या वसतिगृहातले गुरुजी थोडे मागे राहिले आहेत. या विषयावर शिकण्यासारखे सारे त्या सहा वर्षांत आहे असे मला वाटते. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात, माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणे खोताचे, पण पांडुरंग कळता होईपर्यंत वैभव ओसरून गेले होते आणि घरात गरिबी शिरली होती. आई यशोदाबाई. त्या माउलीबद्दल मी नवे काय सांगणार? तिच्यामुळे तर सारा महाराष्ट्र त्या घराला ओळखतो. एकच प्रसंग आठवून देतो. लहानगा श्याम पाण्याला भिऊन पोहायला जाईना, घरात लपून बसला, तेव्हा या प्रेमळ आईने त्याला मारून विहिरीवर पाठवले. तो पोहून आल्यावर त्याच आईने त्याला जवळ घेतले. आज आपण मुलांना मारू नये हे खरेच, आणि पुढे शिक्षक झालेल्या गुरुजींनी तो मार्ग धरलाही नाही. पण आईच्या मनातला विचार पाहण्यासारखा आहे. कोकणात घरोघर विहीर. विहिरीला कुंपण घालून मूल सुरक्षित होत नाही, त्याला पोहता आले तर होते. मुलाला घरात कोंडून ठेवणे म्हणजे त्याची काळजी घेणे नव्हे, हा पहिला धडा गुरुजींना आईकडून मिळाला.

पालगडची शाळा संपल्यावर शिक्षण दापोलीला सुरू झाले. पुढे घरची परिस्थिती फारच बिघडली आणि फी भरणे अवघड झाले. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची शिक्षणाची आणि जेवणाची सोय होते असे कळल्यावरून हा मुलगा घर सोडून तिकडे गेला. ओळख ना देख, परके गाव. तिथे त्याचे बरेच हाल झाले. त्यातच औंधला प्लेग आला आणि मुलांना परत जावे लागले. मग पुण्याला येऊन नूतन मराठी विद्यालयात नाव घातले. तिथेही दोन वेळचे जेवण मिळेलच याची खात्री नव्हती. अशाच दिवसांत, १९१७ साली, आई गेली. शेवटच्या वेळी मुलगा जवळ नव्हता. ती भेट राहिली ती कायमचीच. १९१८ साली तो मॅट्रिक झाला, आणि पुढे पुण्याच्याच न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, पदवीपर्यंत पोहोचला.

मला या ठिकाणी थांबावेसे वाटते. एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा गावोगाव शिकत हिंडतो, अर्धपोटी राहतो, साथीतून वाचतो, आई जाते, आणि तरी तो शिकतच राहतो. आपण अशा मुलाचे कौतुक करतो, त्याची जिद्द आपल्या मुलांना सांगतो. पण त्या काळात त्याने रात्री काय सोसले असेल? या वणवणीत एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने, तू जेवलास का, एवढे रोज विचारले असते तर? हे वडीलधारे माणूस आपल्याला नेहमी मिळाले नाही, म्हणून ते आपण इतरांसाठी व्हायचे, असे गुरुजींनी मनाशी ठरवले असावे. ठरवले की नाही मला माहीत नाही, पण पुढे घडले ते असेच.

पदवीनंतर गुरुजी खानदेशात अमळनेरला गेले. आपल्यातले जे हावडा–अहमदाबाद एक्स्प्रेसने दुर्गहून सुरतेकडे जातात, त्यांच्या वाटेवर जळगाव सोडल्यावर हे गाव येते. तिथे तत्त्वज्ञान मंदिर नावाची संस्था आहे. तिथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला म्हणून ते गेले होते. पण ग्रंथांपेक्षा मुलांत त्यांचा जीव जास्त रमला. १९२४ साली ते तिथल्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आली. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

वसतिगृह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मी डिप्लोमा करताना हॉस्टेलमध्ये राहिलो. तिथे एक रजिस्टर होते, एक घंटा होती आणि नोटीस बोर्डावर दंडाचे दर लिहिलेले होते. दुसऱ्या वर्षाला मला कावीळ झाली. आठ दिवस खोलीत पडून होतो. मेसमधला एक पोरगा भाताची पेज आणून द्यायचा. रजिस्टरमध्ये माझी आठही दिवस हजेरी लागलेली होती, कारण कोणी खोलीत डोकावून पाहिलेच नव्हते. मी कोणाला दोष देत नाही. त्यांच्या लेखी वसतिगृह म्हणजे इमारत, शिस्त आणि हिशेब, आणि त्यांचा हिशेब बरोबर होता.

गुरुजींचे वसतिगृह याच्या अगदी उलट होते. पहाटे मुले उठायच्या आधी ते उठलेले असत. मुले खेड्यापाड्यांतून आलेली, काही प्रथमच घराबाहेर पडलेली. कोणाचे अंथरूण तसेच पडलेले असे, ते गुरुजी आवरून ठेवीत. खोलीत केर असे, तो काढीत. कंदिलाच्या काचा काळ्या झालेल्या असत, त्या पुसून ठेवीत. कोणी मळके कपडे कोपऱ्यात टाकलेले असत, ते धुऊन वाळत घालीत. हे सारे न बोलता. पहिल्यांदा मुलांना गंमत वाटली असेल, मग लाज वाटली, आणि मग मुले आपापली कामे आपणच करू लागली. कोणाला शिक्षा झाली नाही, दंड झाला नाही, तरी शिस्त आली.

आमच्या एका सहकाऱ्याशी मी याबद्दल बोललो, तेव्हा त्यांनी लगेच आक्षेप घेतला. असे केल्याने मुले लाडावतील, शिक्षकाने शिकवावे, धुणी धुणे हे त्याचे काम नव्हे, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप बरोबर आहे. प्रत्येक शिक्षकाकडून अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय होईल. पण मला यात दुसरीच गोष्ट दिसते, ती माझ्या धंद्यातून दिसते. रुळांवर आमचा कीमन रोज आपला ठरलेला टापू पायी चालतो. दोन्ही रूळ पाहतो, बोल्ट पाहतो, ढिली चावी दिसली की तिथल्या तिथे ठोकून बसवतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, हा नुसता चालतो आहे. पण चालल्याशिवाय दिसत नाही. गुरुजी खोली झाडायला जात तेव्हा त्यांना दिसत असणार की या मुलाची चादर फाटली आहे, त्याच्या पेटीत दुसरा सदराच नाही, याने कालची भाकरी तशीच ठेवली आहे, त्याची उशी ओली आहे. ऑफिसात बसून हे कळत नाही. झाडलोट ही त्यांची रोजची फेरी होती.

मूल आजारी पडले की गुरुजी त्याच्या उशाशी बसत, रात्र जागून काढीत. पगार फार नव्हता, तरी कोणाची फी राहिली, कोणाला पुस्तक हवे असले की त्यातूनच पैसे जात. आणि आजाऱ्याची सेवा करताना जातपात त्यांनी पाहिली नाही. १९२०च्या दशकातली ही गोष्ट आहे हे लक्षात घ्या.

आणखी एक काम त्यांनी केले ते मला फार मोलाचे वाटते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. स्वतः बसून लिहीत. १९२८ पासून त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही चालवले. कारण मूल वर्गात सर्वांसमोर बोलत नाही. त्याची अडचण कधी लेखातून सुटते, कधी गोष्टीतून. शिक्षकाने रोज आपल्यासाठी काही लिहिले आहे, ते सकाळी वाचायचे आहे, एवढ्यानेसुद्धा घरापासून दूर असलेल्या मुलाला आधार वाटतो. आज प्रत्येक शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण त्यावर गृहपाठ, फी आणि गणवेश यांपलीकडे मुलांसाठी काय येते ते आपण पालकांनी एकदा पाहावे.

१९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि गुरुजींनी शाळा सोडली. शिक्षकाची नोकरी अवघी सहा वर्षांची. पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून तो भराभर सांगतो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी टिपून घेतली म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या काही दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. पुढे १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी गुरुजी खानदेशभर राबले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून त्यांनी उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले.

या धामधुमीत मुले सुटली का? मुळीच नाही. तुरुंगात असोत की दौऱ्यावर, ते मुलांसाठी लिहीतच राहिले. शाळा सुटली तरी शिक्षक सुटला नव्हता. पुतणी सुधा हिला त्यांनी लिहिलेली पत्रे पुस्तकरूपाने आजही वाचली जातात. त्यांत फुले आहेत, पाऊस आहे, कोकण आहे, गावोगावच्या गोष्टी आहेत. मार्क किती पडले याची चौकशी त्यांत शोधून काढावी लागेल.

हे वाचताना मला माझी शरम वाटली, तीही सांगतो. माझा मुलगा अकरावीत गेला आणि कोचिंगला जाऊ लागला. आपल्या भिलाईत हे नवीन नाही. सेक्टरातल्या घराघरातून इंजिनिअर झालेली मुले आहेत, आणि प्रत्येक बापाला वाटते की आपलेही पोरगे तिथपर्यंत जावे. मला तर जास्तच वाटे, कारण मी डिप्लोमावर थांबलो. दर रविवारी टेस्ट असे आणि संध्याकाळी मी त्याला एकच प्रश्न विचारी, किती आले. तो आकडा सांगे. आकडा चांगला असे. माझे समाधान होई.

एके दिवशी सौ.ने मला स्वयंपाकघरात बोलावून डबा दाखवला. पोळी-भाजी जशीच्या तशी. पंधरा-वीस दिवस रोज डबा असाच परत येत होता म्हणे, आणि तिने विचारले की तो कॅन्टीनमध्ये खाल्ले असे सांगे. त्याने काहीच खाल्ले नव्हते. रात्री झोपत नव्हता. त्याच्या शेजारी बसणारा मित्र कोचिंग सोडून गावी निघून गेला होता, आणि मागच्या बाकावरची काही मुले याला त्याच्या बोलण्यावरून रोज चिडवीत होती. आम्ही घरात मराठी बोलतो, त्याचे हिंदी त्यांना हसण्यासारखे वाटे. एवढीशी गोष्ट, पण त्याला ती एवढीशी नव्हती.

आम्हा रेल्वेवाल्यांना एक गोष्ट शिकवलेली असते. गाड्या जात असतात म्हणून रूळ वरून चकचकीत दिसतो. भेग आत असते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही अल्ट्रासॉनिक मशीन फिरवून तपासतो. हिवाळ्यात रूळ आकसतो तेव्हा रात्री खास गस्त घालतो, कारण भेग असेल तर थंडीत रूळ तुटतो. परक्याच्या रुळासाठी मी थंडीत रात्री दोन वाजता लाइनवर उभा राहिलेलो आहे, आणि घरातल्या मुलाचा रविवारचा चकचकीत आकडा पाहून मी समाधानात होतो. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले, नंतर समुपदेशकाकडे नेले. आता तो ठीक आहे, जेवतो, हसतो. मित्राला फोन करतो. मी रविवारी आकडा विचारत नाही, तो आपणहून सांगतो. कधी कमी असतो.

आता गुरुजींच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. चरित्र सांगताना बरेच लोक ती एका ओळीत उरकतात किंवा गाळतात. या विषयावर लिहिताना ती गाळणे मला बरोबर वाटत नाही. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले. वय पन्नास. गांधीजींच्या हत्येचा घाव त्यांच्या मनावर खोल बसला होता, १९४८ साली त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषणही केले होते. स्वातंत्र्यानंतरचे देशाचे चित्र पाहून ते खिन्न होत. पण अशा गोष्टीचे एकच कारण कधी नसते आणि ते शोधण्याचा अधिकार मला नाही. त्या कृतीला मी मोठेपणाही देणार नाही. ते एक फार मोठे दुःख होते आणि महाराष्ट्राचे फार मोठे नुकसान.

मला एवढेच वाटते. ज्या माणसाने शेकडो मुलांच्या उशाशी बसून रात्री काढल्या, त्याच्या उशाशी बसायला हवे होते हे कोणाला कळले नाही. लोक त्यांच्यावर प्रेम करीत होते, अगदी जिवापाड करीत होते. पण मनाचेही आजारपण असते, त्याला औषध आणि उपचार असतात, हे तेव्हा फारसे माहीत नव्हते. हळवा स्वभाव म्हणून लोक सोडून देत. आज आपल्याला माहीत आहे. म्हणून आज आपल्यावर जबाबदारी जास्त आहे, विद्यार्थ्यांची तर आहेच, आणि त्यांना सांभाळणाऱ्या शिक्षकांची, वसतिगृहाच्या अधीक्षकांची, आयांचीही आहे. आमच्याकडे कीमन सुट्टीवर गेला तर त्याचा टापू दुसरा कोणी चालतो. घरात आई हा कीमन असेल तर तिच्या थकव्याची नोंद कोण घेतो?

कायदा आता बराच पुढे आला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे दोन्ही बंद केले. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ साली पॉक्सो कायदा आला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, कॉलेजे, कोचिंग आणि वसतिगृहे यांच्यासाठी विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असे सांगितले. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा फोन आहे, आणि मन बेचैन असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा फोन आहे, मोफत आहे. हे दोन आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवावेत अशी माझी सर्वांना विनंती. मुलांनी ते पाहिलेले असले म्हणजे झाले.

पण कायदा समुपदेशक नेमू शकतो, डबा उघडून पाहू शकत नाही. ते आपल्यालाच करावे लागते.

गुरुजींनी अखेरच्या वर्षांत 'आंतरभारती'चे स्वप्न पाहिले होते. वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावे, ओळख वाढवावी असा तो विचार. आपण भिलाईत राहतो. कारखान्यामुळे आणि रेल्वेमुळे इथे एकेका गल्लीत मराठी, छत्तीसगढी, बंगाली, तेलुगू, मल्याळी घरे लागून आहेत. आपल्याला आंतरभारती वेगळी उभारायची गरज नाही, ती रोज दारात उभी असते. माझ्या मुलाला ज्यांनी चिडवले त्यांतला एकजण नंतर आमच्या घरी आला, साबुदाण्याची खिचडी खाऊन गेला, आणि आता दोघे एकत्र सायकलवर जातात. मुलाला सुरक्षित ठेवणारी भिंत शाळेची नसते, ओळखीची असते. ज्याला दहा घरांत नावाने ओळखतात ते मूल सहसा हरवत नाही.

शेवटी आपल्या मंडळापुरते. यंदा तालमी सुरू झाल्यापासून आम्ही एक साधी वही ठेवली आहे. तालमीला किंवा कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव त्यात लिहायचे, आणि ते कोणाबरोबर घरी गेले ते नाव समोर लिहायचे. घरी नेणाऱ्याने सही करायची. शेवटचे मूल जाईपर्यंत दोन कार्यकर्ते थांबतील, त्यांत एक महिला असेल. कोणी रडवेले दिसले, जेवले नाही, कोपऱ्यात बसले, तर वहीत काही लिहायचे नाही, जवळ जाऊन बसायचे. गेल्या वर्षीच्या त्या मुलीने यंदाही नाटकात काम घेतले आहे. तालमीच्या पहिल्या दिवशी मी वही उघडली तेव्हा ती पुढे आली आणि म्हणाली की सर्वांची नावे ती लिहील. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. वही आता तिच्याच हातात असते, आणि निघताना ती रोज एकदा सगळी मुले मोजते.

गणपती बाप्पा मोरया!